वाक्याचं शेपूट

मराठी वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात असतो आणि मराठी निवेदकाचा श्वास नेमका तिथेच संपतो. निवेदकांसोबतच्या माझ्या कामाचा अर्धाअधिक भाग या एका भांडणात जातो.

स्पीच थेरपिस्ट म्हटलं की लोकांना तोतरं बोलणारं मूल किंवा पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा आठवतात. रत्नागिरीतल्या मांडवीला माझ्याकडेही मुख्यतः तेच येतात. पण इथे 1977 पासून आकाशवाणी केंद्र आहे, आता जोडीला केबलच्या बातम्या आणि यूट्यूबवरच्या वृत्तवाहिन्याही आहेत. त्यामुळे अधूनमधून एखादी निवेदिका दारात उभी राहते आणि म्हणते, "मॅडम, माझं वाचन सपाट होतंय म्हणतात. काय करू?"

अशीच एक मुलगी गेल्या पावसाळ्यानंतर आली. मी तिला हवामानाचा इशारा वाचायला दिला. "वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता असून मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये." आवाज गोड, उच्चार स्वच्छ, दोन्ही 'च' जागच्या जागी. पण 'समुद्रात'पर्यंत येता येता हवा संपली आणि 'नये' घशातच विरलं. मिरकरवाडा बंदरात इंजिनाच्या आवाजात कुणी रेडिओ ऐकत असेल, तर त्याच्यापर्यंत पोचलं एवढंच : समुद्रात जाऊ.

"अगं, तू त्यांना पाठवलंस की थांबवलंस?" मी विचारलं. ती हसली. मग रेकॉर्डिंग ऐकलं आणि हसायची थांबली.

इंग्रजीत नकार वाक्यात आधीच येऊन बसतो, आपल्याकडे तो शेवटच्या बाकावर असतो. हा व्याकरणाचा मुद्दा निवेदकाच्या बरगड्यांपर्यंत पोचावा लागतो. उलट बाजूचा दोषही तितकाच पसरलेला आहे. ज्यांच्याकडे हवा शिल्लक असते, ते प्रत्येक 'आहे', 'केले', 'सांगितले'वर आवाज आपटतात. दहा बातम्या, दहा धपके. अपघात, उद्घाटन आणि आंब्याचा भाव एकाच चालीत. 'बातमीचा सूर' म्हणून हे शिकवलंही जातं, हे आणखी वाईट.

म्हणून मी 'भाव आणा' असं कधी सांगत नाही. भाव आणायला सांगितला की माणूस रडवेला तरी होतो, नाहीतर नाटकी. मी पेन्सिल देते. वाक्यात नवी माहिती कुठल्या शब्दात आहे तिथे खूण, श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ. वरच्या वाक्यात 'असून'नंतर रेघ आली, 'नये'खाली खूण झाली, आणि 'मच्छिमारांनी'नंतर अर्ध्या क्षणाचा विराम. विराम हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा ऐवज. माइकसमोर तो बोलणाऱ्याला फार लांब वाटतो, ऐकणाऱ्याला मुळीच नाही. मग तिने वाचलं. सूर थोडासाच हलला होता, पण आता ती कुणाला तरी सांगत होती.

मांडवीत राहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : जेटीवर जा, लाटांच्या गाजेवर आवाज चढव. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस असाच सराव करायचा, अशी कथा आहे. त्याच्यापुढे अथेन्सची सभा होती, माइक नव्हता. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये दाखवून दिलं. चढला की घसा आवळतो, आणि आवळलेल्या घशातून बारीक चढउतार निघत नाहीत. माइक वीतभर अंतरावर असतो. तिथे समुद्राशी स्पर्धा कशाला? जेटीवर जरूर जा, भेळ खा, गप्प बसा.

त्यापेक्षा पेलाभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढावेत. पोरखेळ वाटतो, पण ओठांशी अडलेल्या हवेचा दाब मागे स्वरतंतूंपर्यंत पोचतो आणि ते कमी धडकेत, सहज कंप पावतात. त्यातच सूर हळूहळू वर-खाली न्यायचा. बुडबुडे एकसारखे आले तर श्वास ताब्यात आहे, अडखळले तर नाही. यंत्राशिवाय कळतं.

आवाजाचा असा रीतसर विचार मराठीला नवा नाही. संगीतशिक्षक देवधर मास्तरांनी गायकांच्या अंगाने तो केला आणि संगीतज्ञ डॉ. अशोक दा. रानडे यांनी तो नटांपर्यंत, वक्त्यांपर्यंत नेला. वृत्तनिवेदक मात्र अजूनही 'देवाने आवाज दिलाय' यावर चालतात. आणि तो बिघडला की आलं, मध, खडीसाखर.

म्हणून सरावाआधी मी एक प्रश्न विचारते : आवाज किती दिवस बसलाय? बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 200 वेळा एकमेकांवर येतात. सुजेवर हा मारा चालू राहिला तर गाठी धरू शकतात, आणि मग अडचण शैलीची राहत नाही. अशा वेळी कुजबुजून बोलणं हा आराम नव्हे, सारखं खाकरणं तर त्याहून वाईट. पाणी प्या, कमी बोला. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर माझ्याकडेही नंतर या. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या.