बोरघाटाचा व्यासंग

बव्हेरियात डॅन्यूब नदीच्या काठी इंगोलश्टाट नावाचे जुने तटबंदीचे शहर आहे. तेथील मोटारींच्या कारखान्यात कर्जतकडील एक मराठी गृहस्थ अभियंता आहेत. नोकरीतून उरलेल्या वेळात भाड्याने घेतलेल्या चिमुकल्या बागेत मेथी-कोथिंबीर लावणे, नदीकाठाने सायकल फिरविणे आणि गावाकडून आलेले दिवाळी अंक पुरवून पुरवून वाचणे, हे त्यांचे साधे छंद. परंतु ज्या छंदापायी मेथीला पाणी घालावयाचेही राहून जाते, तो म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील आगगाडीचा इतिहास.

म्युनिकहून इंगोलश्टाटला पहिली आगगाडी आली १८६७ मध्ये. हे वाचताच त्यांना मौज वाटली. कारण मुंबई-ठाणे गाडी १८५३ सालीच धावली होती, आणि बोरघाटाचा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला होता. तेव्हापासून त्यांच्या रात्री जुन्या अहवालांत जाऊ लागल्या. गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ चे 'मुंबईचे वर्णन' तर उशाशीच असते.

घाटाचे काम होतेही तसेच. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे, आणि खंडाळ्याजवळ इंजिनाची दिशा बदलून गाडी उलटी चढविण्याचे ते प्रसिद्ध स्थानक, जे १९२९ मध्ये बंद झाले. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर खवळले, दंगा झाला आणि कंत्राटदार फॅव्हिएल काम सोडून गेला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाऊल ठेवून थोड्याच दिवसांत वारला; तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले. त्या काळच्या बाईचे हे धैर्य खरोखरच विलक्षण! १८६१ साली घाटात ४२,००० माणसे राबत होती. मुख्य अभियंता जेम्स बर्क्ले घाट पुरा होण्यापूर्वीच, १८६२ मध्ये निवर्तला. पण त्याचे नाव राहिले. त्या ४२,००० चे काय?

या गृहस्थांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की, पणजोबांचे वडील घाटात मातीच्या पाट्या वाहत असत, आणि त्यांचा धाकटा भाऊ करार करून दर्यापार गेला, तो परतलाच नाही. पाट्या वाहणाऱ्याचे नाव शोधता शोधता त्यांची सहा वर्षे गेली. अहवालांत बोगद्याची लांबी फुटांत सापडते. मजूर सापडतो तो केवळ आकड्यांत.

एका गणेशोत्सवात त्यांची म्युनिक येथे मॉरिशसच्या एका मराठी कुटुंबाशी गाठ पडली. त्या घरच्या आजोबांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तो मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील जुन्या नोंदवहीचा उतारा होता : क्रमांक, जहाज, वय, बापाचे नाव, गाव, जिल्हा. ज्याला उसाच्या मळ्यात जुंपावयाचे, त्याची ओळख सरकारने त्याच्यावर पाळत राहावी म्हणून लिहून घेतली होती. दया म्हणून नव्हे. तरीही आज तीच वही नातवंडांना उपयोगी पडते, आणि जो घरी राहिला त्याचा मागमूस नाही. गृहस्थ तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

त्या वहीत धाकट्या भावाची ओळ असेल, तर तीत बापाचे नावही असेल, आणि तेच थोरल्याच्या बापाचे. भावाचे नाव मात्र घरात कोणालाच आठवत नाही. त्याला सारे 'दर्यावाला' म्हणत. तेव्हा गावाचे नाव, तालुका आणि १८६० च्या आसपासचा काळ, एवढेच लिहून त्यांनी मोक्याला पत्र धाडले आहे. मॉरिशसची आगगाडीही १८६४ सालीच सुरू झाली. तो रस्ता घालणाऱ्यांत दर्यावाला होता काय, हेही त्यांनी शेवटी विचारले आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.