इस्त्री, कार्पेट आणि डिपॉझिट

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला आमच्या जर्सी सिटीच्या फ्लॅटमधला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मी बाथरूममध्ये, तोंडात ब्रश. बाहेर येऊन बघतो तर हॉलभर मेणबत्ती विझवल्यासारखा वास आणि आई हातात गरम इस्त्री घेऊन उभी.

आई दीड महिन्यापूर्वी सांगलीहून आली आहे. इस्त्रीचं टेबल आहे घरात, पण ते डगमगतं म्हणून तिला आवडत नाही. ती आपली जमिनीवर चादर दुमडून मस्त मांडी घालून बसते. तेवढ्यात बाबांचा फोन आला. तिने सवयीने इस्त्री बाजूला उभी केली आणि उठली. सांगलीला खाली फरशी असते हो. इथे कार्पेट, मऊ. इस्त्री कलंडली.

मी काय बोलावं? "हजारदा सांगितलं टेबलावर कर म्हणून! गेलं आता डिपॉझिट!" आई एक शब्द बोलली नाही. खिडक्या उघडल्या, माझा शर्ट घडी करून ठेवला आणि आत गेली. अर्ध्या तासाने एक पाकीट घेऊन बाहेर आली. बाबांनी निघताना बँकेतून करून दिलेले तीनशे डॉलर, एकही नोट मोडलेली नाही. "एवढ्यात होईल का रे?"

च्यायला, त्या क्षणी मला कार्पेटपेक्षा माझंच तोंड दुरुस्त करावंसं वाटलं.

असो. तर न्यू जर्सीत घरमालक जास्तीत जास्त दीड महिन्याचं भाडं डिपॉझिट घेऊ शकतो आणि घर सोडल्यावर 30 दिवसांत हिशेबासकट परत करावं लागतं. रोजच्या वापराने होणारी झीज त्यातून कापता येत नाही. पण इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोण ही 'झीज' आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

इंटरनेटवर उपायांचा महापूर आहे. बर्फ लावा, व्हिनेगर लावा, सोडा चोळा. थोडा विचार केला तर यातलं काहीच चालणार नाही हे कळतं. चहा सांडला तर धाग्यावर बाहेरून काहीतरी चिकटलेलं असतं, ते निघू शकतं. इथे धागाच वितळून पुन्हा घट्ट झालाय. तो धुऊन काय होणार?

कार्पेट कशाचं आहे ते आधी बघितलं. क्लॉझेटच्या कोपऱ्यातून एक धागा उपटला, चिमट्यात धरून सिंकवर काडीने पेटवला. लोकर असती तर केस जळल्याचा वास येऊन चुरगळणारी राख झाली असती. आमच्या धाग्याचा टणक मणी झाला, वास तोच मेणाचा. म्हणजे बहुधा पॉलिप्रॉपिलीन, जे 165 अंशांच्या आसपास वितळतं. कॉटनवर ठेवलेली इस्त्री 200 च्या घरात जाते. नायलॉन असतं तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं.

डागाचे दोन भाग होते. कडेला नुसतीच वरवर खपली, ती सोपी. आईची भरतकामाची कात्री आडवी धरून फक्त कडक झालेली टोकं कातरायची, केसाएवढी केसाएवढी, मग जुन्या टूथब्रशने उभी करायची. हे आईनेच केलं. माझ्या हातात कात्री द्यायला ती तयारच नव्हती.

पण जिथे टोक टेकलं होतं तिथे सव्वा इंचाचा भाग मुळापर्यंत गेला होता. तिथे ठिगळच. औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून कटरने गोल कापायचं, फक्त कार्पेटची पाठ, खालचा फोम नाही (मी थोडा कापलाच). तेवढाच गोल क्लॉझेटच्या आतल्या कोपऱ्यातून काढायचा, खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी कार्पेट टेप लावायची आणि बसवायचा.

बसवला. माप एकदम परफेक्ट, रंग तोच. आणि तरीही चार फुटांवरून काळपट नाणं पडल्यासारखा दिसत होता! मी दिव्याला दोष दिला, खिडकीला दोष दिला. आई वाकली, तळहात फिरवला आणि म्हणाली, "लव उलटी बसवलीयस. मखमलीचा ब्लाऊज शिवताना सगळे तुकडे एकाच बाजूला कापतात. नाहीतर पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या."

बत्तीस वर्षं घरी ब्लाऊज शिवलेत तिने. मी दोन तास व्हिडिओ बघितले होते.

टेप अजून पक्की धरली नव्हती. उचकटून गोल फिरवला, कडेला थोडा गोंद लावला, धागे सुईने मोकळे केले आणि वर कॉर्मेनचं अल्गोरिदमचं पुस्तक ठेवलं. हजारावर पानं आहेत, इंजिनिअरिंगनंतर पहिल्यांदाच उपयोगी पडलं. रविवारी उचललं. माहीत असेल तरच दिसतं. क्लॉझेटमधलं भोक मात्र आहे. काय झालं आणि काय केलं ते मी लीझिंग ऑफिसला फोटोसकट कळवून टाकलंय. कापले पैसे तर कापू देत.

पाकीट आईच्या बॅगेत परत ठेवलं, तर तिने ते माझ्या शर्टांखाली ठेवलेलं सापडलं. पुन्हा तिच्या बॅगेत टाकलंय. सॉरी मी रविवारी रात्री जेवताना म्हटलं, त्यावर ती म्हणाली भात घे अजून.

आज सकाळी परत बाबांचा फोन आला. तिने आधी इस्त्रीचा प्लग काढला, मग फोन घेतला. बसली होती जमिनीवरच. इस्त्री मात्र स्टीलच्या ताटात उभी होती.