माणपासून शिवाजी चौकापर्यंत

२५ मार्च २०२५, मंगळवार

सकाळी आठच्या आधीच हिंजवडीत पोचले. वाकडच्या पुलाकडून येणारी बहुतेक सगळी गर्दी शिवाजी चौकाच्या तोंडाशी येते आणि तिथून फेज एक, दोन, तीनकडे सरकते. अर्धा तास नुसती उभी राहून पाहिलं. चारचाकीत बहुतेक एकटा माणूस. पीएमपीची बस आली की दारात लोंबकळणारी मुलं. दोघांनाही रस्त्यावर एकाच रांगेत उभं राहावं लागतं. पन्नास माणसं पन्नास गाड्यांतून निघाली तर मधलं अंतर धरून तीनशे मीटर रस्ता अडतो. तीच माणसं बारा मीटरच्या एका बसमध्ये मावतात. रस्ता वाहनांसाठी नव्हे, माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहे, असं केंद्राच्या शहरी वाहतूक धोरणात २००६ सालीच म्हटलेलं आहे. तरी इथे प्रत्येक बैठकीत पहिली मागणी उड्डाणपुलाचीच होते.

मला यातलं मूळ वेगळं दिसतं. इथलं राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीनं वसवलं, आणि एमआयडीसीची सवय कारखान्यांची. मोठे भूखंड, एक रुंद मुख्य रस्ता, प्रत्येक भूखंडाभोवती उंच भिंत. कारखान्याला एवढं पुरतं. कच्चा माल आत येतो, पक्का बाहेर जातो. ऑफिसांचं तसं नसतं. इथे माणूस हाच माल आहे, आणि तो जेवायला, चहाला, बँकेत, पाळणाघरात, औषधाच्या दुकानात जाणारच. त्याला लागणाऱ्या बारीक गल्ल्या नकाशावर कधी आखल्याच गेल्या नाहीत. म्हणून शंभर पावलांच्या कामालाही मुख्य रस्त्यावर यावं लागतं, आणि तो तुंबतो.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. म्हातोबाची यात्रा. बगाड हिंजवडीहून वाकडला जातं, त्यासाठी वाहतूक वळवलेली. एरवी जिथे हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही तिथे आज ढोल, गुलाल, आणि रस्त्याच्या मधोमध बिनधास्त चालणारी म्हातारी माणसं. गावठाणातल्या एका आजोबांशी ओट्यावर बसून बोलले.

"ताई, हा रस्ता आमचा शेताकडं जायचा. कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, पैसाही आला, खोटं कशाला बोलू. पण नातवाला एकट्याला शाळेत धाडायची छाती होत नाही."

आयटी पार्कच्या आराखड्यांत गावठाण बहुधा 'अडथळा' म्हणूनच येतं. मला ते पटत नाही. या सगळ्या परिसरात दुकानाच्या पायरीला लागून रस्ता आहे, घरावर घर आहे, संध्याकाळी ओट्यावर माणूस आहे, असा भाग तेवढाच. बाकीच्या ठिकाणी सहा वाजले की भिंती आणि दिवे उरतात.

६ मे, मंगळवार

आज टेप घेऊन मोजणी. बरोबर एक तरुण आर्किटेक्ट. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सरळ आहे: पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी, सलग जागा, आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. फेज दोनमधल्या एका तुकड्यावर भिंतीपासून कर्बपर्यंत दोन मीटर भरले. मग त्यातून विजेचा डीपी, झाड, फलकाचा खांब आणि चेंबरचं उचललेलं झाकण वजा केलं. उरले पाऊण मीटर. तिथून पुढे माणसं सरळ रस्त्यावर उतरतात. कोणी बेशिस्त आहे म्हणून उतरत नाही. पाय ठेवायला जागाच नाही.

एका कंपनीत सफाईचं काम करणाऱ्या मावशी भेटल्या, माणमध्ये राहतात. त्यांची पाळी रात्री आठला संपते. रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या बाईला घरी सोडायची व्यवस्था मालकानं करावी असं २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. आठला सुटणारीला ती नाही. "शेअर रिक्षा भरली तर बरं, नाहीतर चालत. दिवा नसला की मोबाईलची बॅटरी लावते, पण ती चार्ज राहिली तर." त्यांचं ऑफिस आणि त्यांची वस्ती यांमध्ये खरं तर दोनच भूखंड आहेत. त्यांच्या मधून एक वाट असती तर मावशी दहा मिनिटांत घरी. आता भिंतींना वळसा घालून अर्धा तास जातो.

मागच्या गेटवरच्या वॉचमनदादांना विचारलं, हे दार कधी उघडतं? "आगीची गाडी आली तर."

८ जून, रविवार

कालच्या पावसानं आयटी पार्कचे रस्ते ओढ्यासारखे वाहिले. मोबाईलवर दिवसभर तीच चित्रं. आज पाणी उतरल्यावर गेले, तर चिखलाची रेघ भिंतींवर स्पष्ट दिसत होती. तलाठ्याकडच्या गावनकाशाची प्रत बरोबर होती. त्यावर ओढे अगदी ठळक काढलेले आहेत, मुळा नदीकडे उतरत गेलेले. त्यातला एक आज एका पार्किंगच्या खालून पाइपात कोंबलेला. पाणी मात्र जुन्याच वाटेनं आलं.

यातून एक चांगली गोष्ट करता येईल, आणि मी ती नोंदीत लिहिणारच आहे. ओढ्याची हद्द मोकळी करायचीच असेल तर काठाकाठानं तीन मीटरची पायवाट ठेवावी. पाण्याला जागा मिळेल, माणसालाही. मुख्य रस्त्याला समांतर, गाड्यांपासून लांब, सावलीची वाट यापेक्षा स्वस्तात मिळणार नाही.

१९ जून, गुरुवार

वाचन. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बाहेर व्हर्जिनियात टायसन्स आहे. दोन मोठे रस्ते, मॉल, ऑफिसांचे मनोरे आणि त्यांच्यामध्ये पार्किंगची मैदानं. २०१० साली फेअरफॅक्स काउंटीनं त्याचा आराखडा नव्यानं मंजूर केला: २०५०पर्यंत दोन लाख नोकऱ्या आणि एक लाख रहिवासी. २०१४ साली मेट्रोची चार स्थानकं एकदम सुरू झाली. पण त्यांनी मेट्रोवर विसंबून हात झटकले नाहीत. स्थानकाजवळ जास्त बांधायचं असेल त्या मालकानं आपल्या जमिनीतून गल्ली सोडायची, असं ठरवलं. एकेक भूखंड नव्यानं उभा राहताना रस्त्यांचं जाळं विणलं जातं. काम हळू चालतं, पण दिशा पक्की आहे.

आपल्या हिंजवडीच्या मेट्रोची २३ स्थानकं, सुमारे २३ किलोमीटर, माणहून शिवाजीनगरला, तिसऱ्या रुळावरून वीज घेणारी. भूमिपूजन डिसेंबर २०१८चं. तिच्यासाठी विद्यापीठ चौकातला पूल २०२०मध्ये पाडला. एवढा खर्च, एवढा त्रास सोसल्यावर माणूस स्थानकाच्या जिन्यावरून खाली आला की त्याचा पाय कुठे पडणार, हा प्रश्न मला झोपू देत नाही. जिनाच पदपथावर उतरला तर उरलेली जागाही गेली. मेट्रोभोवती ५०० मीटरपर्यंत जादा चटईक्षेत्र द्यायचं धोरण राज्यात आहेच. ते देताना भिंतीतून वाट सोडण्याची अट घालायला काय हरकत आहे?

३ जुलै, गुरुवार

बैठक. कागदावर एक चौकट आखून घेतली होती: पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे, मेट्रो आणि आसपासचं नियोजन पीएमआरडीएचं, बायपास महामार्ग प्राधिकरणाचा, पलीकडे वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेचं, बस पीएमपीची, वाहतूक पिंपरी-चिंचवड पोलिसांची, कचरा आणि गावातले दिवे ग्रामपंचायतीचे. एका माणसाच्या घर ते ऑफिस वाटेवर एवढे सगळे मालक. गावं महापालिकेत घ्यायची की नाही यावर तासभर गेला. माझं मत मी मांडलं: कोणाच्याही हद्दीत जा, पण मतं मागायला येणारा एक माणूस आणि जाब विचारायला एक टेबल हवं. लाखो लोक इथे कामाला येतात, पण मत दुसरीकडे देतात.

शेवटी मावशींच्या वाटेचा विषय काढला. त्या दोन भूखंडांपैकी एका कॅम्पसच्या व्यवस्थापकांनी सकाळी सात ते रात्री नऊ मागचं दार उघडं ठेवायची तयारी दाखवली. त्यांची अट फक्त दिव्यांची आणि एका पहारेकऱ्याची. दुसरे विचार करून सांगतो म्हणाले. दिवे ग्रामपंचायत देईल, पण ठराव लागेल. ग्रामसेवकांनी विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यायचं कबूल केलं. तोपर्यंत खांबांच्या जागा आखून द्यायच्या आहेत. वाट जेमतेम दोनशे मीटर. आठ खांब पुरावेत. त्यातले दोन ओढ्याकडच्या वळणावर हवेतच, तिथे भिंत पुढे आलेली आहे आणि पलीकडचं दिसत नाही.