मागे नेणाऱ्या बटणाविषयी

प्रिय नंदिनी,

जुन्या होम कॉम्प्युटरचे गेम आज एम्युलेटरवर खेळताना चूक झाली की खेळ थोडा मागे नेता येतो. ती सोय वापरायला काय हरकत आहे, असं तू विचारतेस. त्या काळचा अवघडपणा गल्ला भरण्यासाठी होता, तो आता कशाला सोसायचा, हे तुझं म्हणणं. आर्केडच्या वळणाने गेलेल्या गेम्सपुरतं ते पटतं. तीन जीव आणि लवकर संपणारा डाव हा नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा हिशेब. १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’ने तो घरातही तसाच चालू ठेवला. तिथे खुशाल मागे जा. अंतराळातल्या व्यापाराचा गेम ‘एलिट’ खेळताना मात्र त्या बटणाला हात लावू नकोस.

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी तो बीबीसी मायक्रो या होम कॉम्प्युटरसाठी लिहिला आणि १९८४ मध्ये एकॉर्नसॉफ्टने तो बाजारात आणला. मेमरी ३२ किलोबाइट, त्यातलाही मोठा वाटा पडद्याचा. तरी त्यात ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह मावले, कारण ग्रह साठवलेलेच नाहीत. मोजक्या आकड्यांवरून त्यांचं नाव, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था दर वेळी गणिताने काढली जाते. या हिकमतीचं कौतुक सगळेच करतात. मला त्याहून धाडसाचं वाटतं ते हे, की या दोघांनी गुण आणि तीन जीव काढूनच टाकले. हाती एक जहाज, १०० क्रेडिट आणि पुढे मोकळं आकाश. खेळ जपून ठेवता येतो तो जहाज स्थानकात लागल्यावरच. म्हणजे दोन स्थानकांमधल्या प्रवासात माल, पैसा, जहाज सगळं पणाला लागलेलं असतं, आणि बाकीचे सारे निर्णय या एका नियमावर उभे आहेत. धान्य न्यायचं की अमली पदार्थ? शांत राज्याकडे वळायचं की रीडक्वॅट ग्रहासारख्या अराजकात शिरायचं? मागे जाता येत असेल तर उत्तर एकच उरतं: जिथे नफा जास्त तिथे. फिरत्या स्थानकाच्या अरुंद दारातून, त्याच्या फिरण्याशी जुळवून घेत जहाज आत नेणं महाकठीण. म्हणून ते काम आपोआप करणारं उपकरण १५०० क्रेडिटला विकत मिळतं. धडक पुसून टाकता येत असेल तर एवढे पैसे साठवेल कोण?

तू म्हणशील, मधेच खेळ जपायची सोय त्यांनी दिली नाही ती यंत्राच्या मर्यादेमुळे. उड्डाणातली प्रत्येक जहाजाची स्थिती साठवणं त्या यंत्राला जड गेलं असतं, हे खरं. पण ती मर्यादा धरूनच त्यांनी किमती आणि धोके बेतले. एक काढलं की दुसरं पोकळ होतं. वेळ कमी असणाऱ्यांचं, हात झरझर न चालणाऱ्यांचं काय, ही हरकत मला जास्त वजनदार वाटते. ज्याला त्या बटणाशिवाय खेळणं शक्यच नाही, त्याने ते जरूर वापरावं. बाकीच्यांसाठी सोपी वाट गेममध्येच आहे: लेव्ह ग्रहावरून धान्य घेऊन शेजारच्या लीस्टीला जायचं, येताना तिथले कॉम्प्युटर आणायचे, थोडक्या नफ्यावर दमादमाने पैसा जोडायचा. तू तिथूनच सुरुवात कर, आणि जहाज आपोआप स्थानकात नेणारं ते उपकरण घेईपर्यंत तरी माझं ऐक.

तुझा,
प्र.