उतार

पडद्यावरचा बाण यमुनेच्या पात्रात शिरला, तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. सोनीपतकडच्या खादरातला, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीतला एकेरी रस्ता, डिसेंबरचं ऊन, गव्हाचे कोवळे पट्टे, लांबवर गुऱ्हाळाचा धूर. वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या मते आम्ही भर पाण्यात होतो.

दिल्लीहून पानिपताकडे जाणारा महामार्ग बांगरावरून, म्हणजे उंच जुन्या जमिनीवरून जातो. म्हणून त्याच्यावरून कितीही वेळा गेलं तरी नदी भेटत नाही. मला पुश्त्यावरचे, म्हणजे नदीकाठच्या बांधावरचे रस्ते आवडतात. बांध घालून नदीला आवरायचं आणि त्याच बांधावरून सायकली, बैलगाड्या, उसाच्या ट्रॉल्या न्यायच्या, हे शहाणपण मला फार प्रिय आहे. अशा रस्त्यांवर जायचा धीर मला या यंत्रानेच दिला.

बाण बरोबर होता. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत जुळले की आपली जागा कळते. नागरी वापराच्या संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, ती 2 मे 2000 रोजी बंद झाली आणि बाण काही मीटरांवर आला. नकाशा मात्र माणसाने कधीतरी काढलेला असतो, आणि यमुना त्याच्यासाठी थांबत नाही. ती सरकते तेव्हा एका राज्यातलं शेत दुसऱ्या तीरावर जातं. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातल्या या भांडणावर दीक्षित निवाडा झाला, 1979 मध्ये कायदा झाला, वाहती हद्द ठरावीक रेषेवर आणली गेली. तंटे तरीही पुरते मिटले नाहीत.

बांधावर बसलेल्या एका ताऊंना विचारलं. त्यांनी हात पूर्वेला केला. जमना तिकडे गेली, म्हणाले. घरातलं कुणी कामाला बाहेर गेल्याचं सांगावं तितक्या सहज.

पूर्वेला बागपत. हे नाव पडद्यावर दिसलं आणि माझं रस्त्यावरचं लक्ष उडालं. 1760 च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली होती. अब्दाली पलीकडे दोआबात, मध्ये पावसाने फुगलेली यमुना. पाणी ओसरेपर्यंत कुणालाच ती ओलांडता येत नव्हती. भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेले. 17 ऑक्टोबरला किल्ला पडला, धान्य हाती आलं, छावणीत आनंद झाला असेल. आणि 25 ऑक्टोबरला बागपतजवळ अब्दालीला उतार मिळाला. पाण्याला अजून ओढ होती, माणसं वाहून गेली, तरी फौज अलीकडे येत राहिली. ती पुरती उतरेपर्यंत मराठ्यांना तिला अडवता आलं नाही. दिल्लीची वाट तुटली, दक्षिणेची तुटली. लढणाऱ्यांबरोबर बायका होत्या, मुलं होती, कुरुक्षेत्राच्या ओढीने आलेले यात्रेकरू होते. त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही.

लहानपणी पानिपताबद्दल वाचताना मला 14 जानेवारीचं दुःख व्हायचं. आता त्या ऑक्टोबरचं जास्त होतं. त्या दिवशी पराक्रम कमी पडला नव्हता. नदी कुठे उथळ झाली आहे, एवढी एकच गोष्ट वेळेवर कळायला हवी होती. ती दिल्लीच्या किल्ल्यात कळण्यासारखी नव्हती. तीरावर गुरं चारणाऱ्याला, वाळूत काकडी-खरबूज लावणाऱ्याला ती रोज ठाऊक असते, कारण त्याचं पोट तिच्यावर असतं.

 

यमुनेवर काही ठिकाणी अजून पिप्यांचे पूल असतात. पावसाळा संपला की जोडतात, पुढचा पाऊस आला की काढतात. पडद्यावर ते असतातच असं नाही. तेव्हा खादरात जाल तर यंत्र जरूर चालू ठेवा, पण नदीकाठी गाडी थांबवून खाली उतरा आणि वाट विचारा. उतार माणसालाच ठाऊक असतो.