गोळीची खतावणी

मुरुमच्या बाजारपेठेत तूर-सोयाबीनची आडत चालविणारे एक ज्येष्ठ व्यापारी. वय पासष्टीच्या पुढे. तीन वर्षांपूर्वी सोलापुरात त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविला गेला आणि तेव्हापासून कोलेस्टेरॉल कमी करणारी ॲटोर्व्हास्टॅटिनची गोळी सुरू झाली. रोजमेळ जुळल्याखेरीज दुकान न वाढविणारा हा गृहस्थ. शरीराचा व्यवहार मात्र सारा तोंडी!

गतवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या मांड्या व पोटऱ्या दुखू लागल्या. गादीवरून उठताना हाताचा आधार लागे. 'ही गोळी स्नायू खाते,' असे कोणीतरी सांगितले आणि त्यांनी कोणालाही न विचारता ती सोडून दिली. घरात कळले दीड महिन्याने, न उघडलेली पाकिटे सूनबाईंच्या हाती लागली तेव्हा. स्टेंट असताना गोळी सोडणे म्हणजे भरल्या गोदामाचा विमा बंद करणे होय.

सोलापूरच्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी प्रश्न विचारले. दुखणे दोन्ही पायांत की एकात? केव्हापासून? मध्यंतरी दुसरे औषध घेतले काय? गोळी सोडल्यावर किती उतार पडला? शेवटच्या प्रश्नाशी शेठजी अडखळले. कारण उतार पडलाच नव्हता. रक्ततपासणीत स्नायूंचे सीपीके किंचित वाढलेले, यकृताचे एसजीपीटी ठीक, आणि टीएसएच बरेच चढलेले निघाले. थायरॉईड मंदावली की स्नायू दुखतात, कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्टॅटिनचा त्रास होण्याचा संभवही वाढतो. प्रथम थायरॉईडचे औषध सुरू झाले. नंतर तीच गोळी, कमी मात्रेत.

असा घोळ केवळ मुरुमचा नाही. लंडनच्या संशोधकांनी 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी, तर काही महिने काहीच दिले नाही. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जाणवलेल्या त्रासाचा सुमारे 90 टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही जाणवला! त्रास खरा होता, पण नावे पडला होता भलत्याच खात्यात. त्यांपैकी निम्म्यांनी पुढे गोळी पुन्हा सुरू केली. तथापि दुसरी बाजूही आहे. सेरिव्हास्टॅटिन नावाचे याच जातीचे औषध स्नायू विरघळून झालेल्या मृत्यूंमुळे 2001 मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. तेव्हा तक्रार हसण्यावारी नेणेही शहाणपणाचे नव्हे.

सूनबाईंनी शेठजींच्या हाती एक वही दिली. दिनांक, दुखण्याची जागा, त्या दिवशीचे श्रम, नवे औषध, इतकेच रकाने. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके या गोळीचे रक्तातील प्रमाण वाढवितात, म्हणून शेवटचा रकाना महत्त्वाचा. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे: लघवी काळ्या चहासारखी झाली, अंग एकाएकी गळून गेले किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. रक्तातील साखरही या गोळीने थोडी चढू शकते. ती तपासणी दर वर्षी.

वहीने आणखी एक गोष्ट उघड केली. गोळी 'रात्री' घ्यायची असे चिठ्ठीवर असल्याने, चौविहार पाळणाऱ्या शेठजींची ती हंगामात वरचेवर चुकत असे. दुकानातून घरी येईतो सूर्य मावळलेला! ॲटोर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन यांचा अंमल दीर्घ टिकतो, ती सकाळीही चालतात. सिमव्हास्टॅटिन मात्र रात्रीचेच. हे विचारले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते. विचारायचा संकोच आपल्या घरांत फार. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळेल काय, पर्युषणातील अठ्ठाईत औषधांचे काय करावे, हे प्रश्नही असेच मनात राहतात. शेठजींनी ते आता वहीच्या मागील पानावर लिहून ठेवले आहेत.

उन्हाळ्यातील भेटीत डॉक्टरांनी वही चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवले: 'हमाल आले नाहीत, पोती स्वतः हलविली. दुसऱ्या दिवशी मांड्या जड.' त्या आठवड्याचे दुखणे गोळीच्या नावे टाकायचे नाही, असे ठरले. आणि सीपीकेची तपासणी पाय मोकळे होईपर्यंत पुढे ढकलली.