रावेरचा उन्हाळा आणि खुराडे

रावेर तालुक्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे येथील खुराड्याचा प्रश्न कोकणातल्या किंवा पुण्याकडच्या खुराड्यापेक्षा वेगळा का, हे समजू लागते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. भोवतालची हवा अंगापेक्षा थंड असेल, तर तुरा, चोचीखालचे लोंबते लाल कातडे आणि पंखांखालची विरळ पिसांची जागा यांतून ती उष्णता बाहेर सोडते. पण हवाच अंगापेक्षा तापली, की ही वाट बंद होते आणि धापा टाकून घशातील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर घालवणे एवढाच उपाय तिच्याकडे उरतो. त्या धापांबरोबर रक्तातील कर्बवायूही अधिक प्रमाणात निघून जातो, कवच घडवायला लागणारे द्रव्य कमी पडते, आणि म्हणूनच आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास घरातली अंडी हातात घेताच फुटतील अशी पातळ कवचाची निघतात.

कुक्कुटपालनाची पुस्तके ‘हवा खेळती ठेवा’ असे सांगतात. हा सल्ला खोटा नाही, परंतु तो वारा अंगापेक्षा थंड असेल असे गृहीत धरून दिलेला आहे. ४४-४५ अंशांचा दुपारचा वारा कोंबडीच्या अंगातील उष्णता वाहून नेत नाही, उलट तिच्या अंगावर आणून टाकतो. त्यामुळे रावेरमध्ये खरा प्रश्न हवा किती खेळवावी हा नसून वारा कोणत्या प्रहरी आत घ्यावा आणि कोणत्या प्रहरी अडवावा हा आहे. केळी लावणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट रांग तो याच वाऱ्यासाठी उभी करतो. आश्चर्य एवढेच, की बागेला जे ज्ञान लागू केले जाते ते अंगणातल्या खुराड्यापर्यंत पोहोचायला पुष्कळदा एक पिढी जाते.

साठ-सत्तरच्या दशकांत या भागात वाढलेल्या माणसाच्या आयुष्यातून खुराड्याची निरनिराळी रूपे येऊन गेलेली असतात. पहिले रूप धाब्याच्या घराचे. धाबे म्हणजे लाकडी सऱ्यांवर काटक्या पसरून त्यांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. दिवसभराचे ऊन त्या थरातून खाली झिरपायला इतका वेळ लागतो, की आतपर्यंत धग येईतो सूर्य मावळलेला असतो. ओसरीच्या भिंतीत ठेवलेल्या कोनाड्यासारख्या जागेत कोंबड्या रात्री कोंडल्या जात आणि दिवसा त्या आपापली सावली शोधत. आखाजीला पितरांच्या नावाने नवी घागर भरली, की मागल्या वर्षीची, कडा उडालेली घागर अर्धी फोडून खुराड्यापाशी मातीत पुरली जाई. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरते आणि त्याच्या बाष्पीभवनाने आतले पाणी गार राहते, त्यामुळे पत्र्याच्या डब्यातले कोमट पाणी टाळणारी कोंबडी त्या खापराशी मात्र मान वाकवून उभी राहत असे.

दुसरे रूप पत्र्याचे. धाब्याची डागडुजी दरवर्षीची, पत्रा एकदाच टाकायचा, म्हणून तो आला; आणि त्याच्याबरोबर वरून थेट अंगावर येणारी धग आली. तिच्यावरचे उपाय लोकांनीच काढले: पत्र्यावर तुराट्या किंवा केळीची वाळलेली पाने अंथरणे, चुन्याचा हात देणे, पश्चिमेच्या बाजूला ओले गोणपाट टांगणे. घड काढल्यावर तोडलेला केळीचा खांब बहुतांशी पाणीच असतो; त्याचे उभे चिरलेले तुकडे जमिनीवर टाकले, की कोंबड्या पंख पसरून त्यांना पोट लावून बसतात. हा उपाय कोणत्याही पुस्तकाच्या तोडीचा आहे, फक्त दोन दिवसांत ते तुकडे उचलून टाकावे लागतात, नाहीतर ते कुजतात आणि त्यांवर माश्या बसतात.

ओल्या गोणपाटामागचे तत्त्व नेमके समजून घेण्यासारखे आहे. तापमापकाचा फुगा ओल्या फडक्यात गुंडाळला, तर पारा जेथपर्यंत उतरतो त्याला आर्द्र तापमान म्हणतात, आणि केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा त्याहून थंड होऊ शकत नाही. ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी हे आर्द्र तापमान सुमारे २१-२२ अंश भरते. म्हणजे जी कोरडी हवा कोंबडीला मारते, तीच गोणपाटातून गाळून आली तर तिला वाचवते. अट एवढीच, की गोणपाट सतत ओले हवे आणि हवेला पलीकडून बाहेर पडायला जागा हवी.

यानंतर एक उन्हाळा असा आला, की खुराडी गार ठेवण्याचे कारणच उरले नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा, म्हणजे पक्ष्यांच्या सांसर्गिक इन्फ्लुएंझाचा, भारतातील पहिला उद्रेक नोंदला गेला आणि मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील सावद्यापर्यंत, परसातल्या कोंबड्यांत आढळला. बाधित भागातील कोंबड्या सरसकट नष्ट करण्यात आल्या. नवापूरच्या मोठ्या व्यवसायाबद्दल पुष्कळ लिहिले गेले; ज्या घरांत चार-पाच कोंबड्या होत्या, त्या घरांबद्दल फार थोडे.

आजचे रूप सिमेंटच्या स्लॅबचे आणि ठिबकच्या नळ्यांचे आहे. बागेतील ठिबकची उरलेली नळी छतावर फिरवून पाणी सोडणे सोपे झाले आहे, मात्र स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर खाली सोडत राहतो, म्हणून स्लॅबखालचे खुराडे पहाटेपर्यंत उबते आणि कोंबडीला दिवसाचा ताप उतरवायला रात्रही मिळत नाही. अशा घरी खुराडे निंबाखाली, लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून हलवणे बरे, जेणेकरून सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मुख्यतः आखूड भिंतींवर पडेल. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यावा, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते आणि तिची भर दुपारच्या वेळी पडू देण्यात शहाणपण नाही.

मृगाच्या तोंडावर मात्र हा सगळा हिशेब उलटतो. पारा ३३ वर उतरतो, माणसांना हायसे वाटते, पण आर्द्रता ८० टक्के झाली की आर्द्र तापमान ३० अंशांवर जाते, धापांमधून पुरेशी वाफ निघेनाशी होते आणि कालपर्यंत जीव वाचवणारे ओले गोणपाट आतली हवा अधिकच दमट करते. पहिल्या वळवानंतर ऊन पडले तरी गोणपाट पुन्हा भिजवू नये. काढून वाळवावे आणि जो वारा महिनाभर अडवला, त्याला चारही बाजूंनी आत येऊ द्यावे.